भूकंपाच्या साली: उंब्रजकरांची एक पहाट

आमच्या उंब्रजमध्ये म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं तर तो जन्मसाल सांगत नाही. "भूकंपात मी पाचवीला होतो" किंवा "आमचं थोरलं भूकंपाच्या वक्ताला पाळण्यात होतं" असं उत्तर येतं. कुणाचं लग्न, कुणाच्या विहिरीचं खोदकाम, कुणाची वाटणी, सगळं एक तर भूकंपाच्या आधीचं नाही तर नंतरचं. त्यानंतर या भागात हजारो धक्के बसले. पण नुसतं 'भूकंप' म्हटलं की ११ डिसेंबर १९६७ ची पहाटच डोळ्यांसमोर येते.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. पुढं प्राथमिक शिक्षिका झाले आणि कराड-पाटण तालुक्यांतल्या शाळांत नोकरी केली. दर डिसेंबरात चौथीच्या पोरांना मी एक अभ्यास द्यायची. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, भूकंपाच्या पहाटे ते कुठं होते आणि काय करत होते, आणि जसं सांगतील तसंच लिहून आणा. 'भूकंपाची माहिती' लिहा म्हटलं असतं तर पोरांनी पुस्तकातून उतरवून आणली असती. 'काय करत होते' असं विचारल्यामुळं घराघरांतलं खरं बाहेर आलं. त्या वह्यांतली बरीच पानं मी जपून ठेवली आहेत. हा लेख त्या पानांवरचा आहे.

आधी जागा सांगते. उंब्रज कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावर, पुणे-बंगळूर रस्त्याला लागून. कोयना आमची नदी नव्हे. ती आमच्या खाली कराडात, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. पण कोयनेचं धरण आमच्या जवळजवळ सरळ पश्चिमेला आहे, डोंगर मधे सोडले तर पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरहून लांब अशा या धरणात १९६१-६२ पासून पाणी साठू लागलं आणि शिवाजीसागर भरत गेला. त्यासोबतच पाटणच्या खोऱ्यात जमिनीतून गुरगुर ऐकू येऊ लागली. लोकांना वाटायचं, प्रकल्पावर सुरुंग लावतायत. १३ सप्टेंबर १९६७ ला जोराचा धक्का बसला, भिंतींना चिरा गेल्या. तरी दख्खनचा हा काळा पाषाण कधी हलत नाही असं शहाणीसुरती माणसंही धरून चालली होती, आणि भूगर्भशास्त्राचंही मत तोवर फारसं वेगळं नव्हतं.

मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष चालू होता, चंद्र मध्यरात्रीनंतर मावळून गेलेला. काळोख आणि कडाक्याची थंडी. पोरांच्या वह्यांतून दिसतं की त्या वेळी गाव सगळं झोपेत होतं, हे काही खरं नाही. बायका जात्यावर होत्या. गिरणी आली होती, पण पैसे वाचवायला बऱ्याच घरांत अजून जातं फिरत होतं. एका आजीनं सांगितलेलं तिच्या नातीनं लिहिलंय, "मला वाटलं जातंच घरघर करतंय. म्हणून मी हात थांबवला. जातं थांबलं तरी आवाज थांबंना." भूकंपाच्या आवाजाबद्दल मी पुष्कळ ऐकलं. रेल्वे आली, मालट्रक आला, विमान पडलं असं पुष्कळांनी सांगितलं. पण हात थांबवून बघणारी ही एकटीच. तिनं त्या अंधारात एक छोटा प्रयोगच करून पाहिला होता.

पुरुष रानात होते. डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळाचे दिवस. कृष्णाकाठी तेव्हा ठिकठिकाणी गुऱ्हाळं धडाडत असायची आणि चुलवाण रात्रभर विझू द्यायचं नाही असा नेम. आमच्या गल्लीतले एक तात्या त्या वेळी चुलवाणात चिपाडं सारत होते. पाक उतरायला आला होता. त्यांनी मला स्वतः सांगितलं, "बाई, काहिलीतला पाक एका अंगाला चढला. कुणी हात लावला न्हाई आणि पाक काठावर आला, मग दुसऱ्या अंगाला गेला. गुळव्या वरडला, 'सरका मागं!' आमी समदी उसात पळालो." काहील पालथी झाली नाही, पण त्या आधणाचा गूळ धरला नाही. पाक पुढं गेला, जळका आणि काळा निघाला. मालकानं तो गुरांना घालायला सांगितला. तात्या दर वेळी गोष्टीचा शेवट त्या वाया गेलेल्या गुळावर करायचे, आणि तो गेल्याची हळहळ पन्नास वर्षांनीही तितकीच असायची.

घराघरांत काय झालं ते सगळीकडं सारखंच निघतं. आधी आवाज झाला. मग उतरंड कोसळली, मांडणीवरचे हंडे, तांबे, पितळ्या धडाधड खाली आल्या. कौलं घसरली. गोठ्यात बैलांनी दावी तोडली. कुणीतरी पाळण्यातलं मूल उचललं आणि बाहेर येऊन बघतो तर हातात मूल नव्हतं, नुसती वाकळ होती, मग माघारी धाव. हा वाकळेचा किस्सा मला इतक्या घरांनी आपापला म्हणून सांगितला की तो खरा कुणाचा हे आता कळायचं नाही. एका घरात घडलं असेल, बाकीच्यांनी ऐकून ऐकून आपलं केलं असेल. खोटं सांगण्याचा हेतू कुणाचाच नव्हता. असल्या दिवसाच्या गोष्टी गावाच्या सामाईक असतात.

वेळेचंही तसंच. आज कुणालाही विचारा, "चार वाजून एकवीस मिनिटं" असं उत्तर मिळतं. पण १९६७ साली आमच्या आळीत घड्याळं किती होती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ४:२१ हा आकडा वर्तमानपत्रातून आला, रेडिओवरून आला आणि लोकांच्या आठवणीत जाऊन बसला. वह्या वाचता वाचता मला एक खूण सापडली. जो "४:२१" म्हणतो त्याच्या बाकीच्या गोष्टीही पुष्कळदा ऐकीव निघतात. जो "पाक उतरायच्या वेळेला" किंवा "दुसरं पायलीचं दळण घेतलं तवा" असं म्हणतो, तो तिथं होता. हादरा किती वेळ चालला, यालाही सगळे "पाच मिनिटं" म्हणतात. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत जे यंत्र होतं त्यानं तो नोंदवला आहे. जोराचा भाग काही सेकंदांचाच होता. पण अंधारात, अंगावर माती पडत असताना सेकंद कोण मोजतं?

मग उजाडायच्या आत बातमी फिरली: धरण फुटलं. आज हसायला येईल, पण तेव्हा पानशेत फुटून सहाच वर्षं झाली होती. १२ जुलै १९६१ चं पुण्याचं पाणी सगळ्यांनी ऐकलं होतं, काहींनी पाहिलंही होतं. बायकामाणसं पोरं काखेला मारून चढाकडं निघाली. आमची आज्जी निघेना. ती म्हणाली, "कोयनेचं पाणी कराडला जाईल. ते नदी चढून हिकडं कसं येईल?" तिचं बरोबर होतं. त्यावर शेजारचे नाना म्हणाले, "आक्का, कराडात कृष्णा तुंबली की फुगवटा मागंच येतो की." त्यांचंही काही अगदी चूक नव्हतं, पावसाळ्यात संगमापाशी पाणी तुंबतं ते आम्ही बघत आलो होतो. भर काळोखात, कोसळलेल्या कौलांवर उभं राहून ही दोन माणसं नद्यांच्या उताराचा वाद घालत होती. शेवटी वाद मिटला नाही, पण सगळे चढावर गेले. आज्जीही गेली, दुभती म्हैस सोडून घेऊन.

धरण फुटलं नव्हतं. भिंतीला वरच्या भागात, जिथं तिचा उतार बदलतो त्या उंचीवर, आडव्या भेगा गेल्या होत्या. पुढं त्या बुजवून मागून काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले. मोठा घात झाला होता तो धरणाच्या पायथ्याला, कोयनानगरच्या वसाहतीत आणि आसपासच्या वाड्यांवर. मृतांचा आकडा पावणेदोनशे ते दोनशेच्या दरम्यान सांगितला जातो, जखमी दोन हजारांवर होते. वेगवेगळ्या मोजण्यांत भूकंपाची तीव्रता ६.३ ते ६.७ रिश्टर आली. उजाडल्यावर पाटणकडून कराडकडं जखमींना घेऊन ट्रक आणि एसट्या जाऊ लागल्या.

या दिवसाची दुसरी बाजू मुंबईची. पोफळीचं वीजघर बंद पडलं, मुंबईचा पुरवठा तुटला आणि तिकडच्या कारखान्यांची चाकं थांबली. गंमत बघा, कोयनेच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत होत्या आणि त्या गिरण्यांत आमच्याच तालुक्यातली माणसं राबत होती. खोऱ्यातल्या बहुतेक घरांत मात्र रॉकेलची चिमणीच होती. लालबाग-परळच्या चाळींत राहणाऱ्या आमच्या माणसांनीही धक्का अनुभवला, पण तो कुठं झाला हे त्यांना नंतर कळलं. तारा सुटल्या. माझ्या थोरल्या चुलत्यांना गावाकडून तार गेली, ती त्यांनी मरेपर्यंत पाकिटात ठेवली होती. मजकूर एवढाच की सगळे खुशाल आहेत, घाई करू नका. त्यांनी घाई केलीच. मिळेल त्या गाडीनं आले आणि दारात उभे राहून आधी माणसं मोजली.

माझे वडील, आण्णा, गवंडी. त्यांची आठवण या सगळ्यांहून वेगळी, कारण त्यांनी माणसांकडं नंतर आणि भिंतींकडं आधी बघितलं असं आई चिडून म्हणायची. आमच्या घराची मागची भिंत बाहेरच्या अंगाला पडली. छप्पर मात्र जागेवर होतं, कारण ते भिंतीवर टेकलेलं नव्हतं, लाकडी खांब-तुळयांवर होतं. आण्णा कंदील घेऊन त्या पडलेल्या भिंतीपाशी कितीतरी वेळ उकिडवे बसले होते. नंतर ते मजुरांच्या टोळीबरोबर पाटणकडं पत्र्याच्या शेडच्या कामाला गेले आणि परत आल्यावर त्यांनी मला पाटीवर चित्र काढून दाखवलं. जुनी दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती, आतली एक आणि बाहेरची एक. मधल्या पोकळीत कपच्या आणि चिखल. दोन्हींना बांधून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड घालायचा असतो. पण तसा दगड घडवायला वेळ लागतो, म्हणून तो वगळतात. हादरा बसला की मधली भर खाली दबते, पोट फुगतं आणि दोन्ही भिंती दोन बाजूंना फाकतात. कोपरे तर शिवण उसवावी तसे उसवतात. आढ्याखालची त्रिकोणी भिंत सगळ्यात आधी जाते. "धरणीनं कुणाला मारलं न्हाई," ते म्हणायचे, "आमी बांधलेल्या भिंतींनी मारलं." हे बोलताना 'आमी' म्हणत, 'त्यांनी' असं कधी म्हणत नसत.

समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या उंब्रजच्या मठात आहे. मूर्ती दगडाची नाही, चुना, वाळू आणि ताग यांची आहे. आण्णा मला तिच्यासमोर उभं करून सांगायचे की यातली खरी अक्कल तागाची. चुना आणि वाळू पकडून ठेवायला कुणीतरी लागतं. जवळच्या चाफळच्या राममंदिराला त्या भूकंपानं मोठा धक्का दिला, पुढं उद्योगपती अरविंद मफतलाल यांनी त्याचा जीर्णोद्धार करून आजचं संगमरवरी रूप दिलं. आण्णांना मात्र कळस किती उंच यापेक्षा आत दगडाला दगड कसा जोडलाय यातच रस असायचा.

भूकंपानंतरचे दिवस आम्हा पोरांना सणासारखे वाटले, हे सांगायला संकोच वाटतो, पण वह्यांतही तेच आहे. घरात झोपायला कुणी तयार नव्हतं. रानात उसाच्या पाचटाच्या खोपी उभ्या राहिल्या, कडब्याच्या गंजीला पाठ लावून आम्ही झोपायचो. सगळ्या आळीचा स्वयंपाक एका ठिकाणी शिजायचा. रोज कुणीतरी खात्रीची बातमी आणायचा की आज रात्री बाराला मोठा धक्का आहे. माणसं उशाशी तांब्यावर तांब्या रचून ठेवायची, म्हणजे हललं की खणखणेल आणि जाग येईल. मांजर धडकलं तरी अख्खं रान उठून उभं राहायचं. किती तरी दिवस शाळा झाडाखाली भरली.

बायकांच्या वाट्याला मात्र सण आला नव्हता. पडलेल्या घराच्या मातीतून ज्वारी आणि तांदूळ निवडून काढायचं काम त्यांच्याकडं आलं. कणग्या फुटल्या होत्या, धान्यात माती मिसळली होती. माझी आई त्या वर्षाबद्दल एकच गोष्ट सांगायची: पाडव्यापर्यंत भाकरी दाताखाली कचकचत होती.

इतक्या वर्षांनी या आठवणींचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. एक तर विज्ञानाला तो आहे. यंत्रं थोड्याच ठिकाणी असतात. बाकी कुठं किती हादरलं हे माणसांना विचारूनच ठरवतात. झोपेतून उठलात का? भांडी पडली का? भिंत फुटली की पडली? अशा उत्तरांवरून नकाशे काढले जातात. जातं थांबवून ऐकणारी आजी आणि काहिलीतला पाक बघणारे तात्या, दोघंही त्या अर्थानं नोंदी ठेवणारेच. कोयनेनं जगाला मोठा धडा दिला. धरणात साठवलेल्या पाण्यानं भूकंपाला चालना मिळू शकते याचं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं उदाहरण आमच्या खोऱ्यातलं आहे. पाच रिश्टरच्या वरचे वीसेक धक्के इथं बसले आहेत. १९७० मध्ये देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा सुधारला आणि कोयनेचा परिसर चौथ्या विभागात गेला. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि भूकंप जिथं जन्मतो तिथलं दगडपाणी तपासायला खोऱ्यात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं आहे.

गावात मात्र ही आठवण हळूहळू कागदाची झाली. सरकारी नोकरीत भूकंपग्रस्तांना दोन टक्के जागा राखीव आहेत, त्यासाठी दाखला लागतो आणि दाखल्यासाठी आजोबांचं घर पडल्याचा पुरावा लागतो. माझ्याकडं माजी विद्यार्थी येतात, "बाई, आमच्या आज्यानं तुमच्या वहीत काय सांगितलं होतं?" मी पान काढून देते, पण कचेरीत ते चालत नाही, आणि चालू नये हेही मला कळतं. वाईट याचं वाटतं की घर पडलं होतं की नाही एवढंच पोरं विचारतात. ते का पडलं, हे विचारायला आजवर एकही आलेलं नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीत तेच झालं. ताकद कोयनेपेक्षा जास्त नव्हती, माणसं मात्र आठ हजारांच्या आसपास गेली. वस्ती दाट होती, दगडमातीच्या भिंती जाडजूड होत्या आणि डोक्यावर धाब्याच्या मातीचं ओझं होतं. आमच्याकडं छप्परं उतरती, कौलारू आणि पुष्कळ ठिकाणी लाकडी खांबांवरची होती, म्हणून बरीच माणसं वाचली. दूरदर्शनवर ते ढिगारे बघून आण्णा दोन दिवस जेवले नाहीत. "सव्वीस वर्सं झाली," म्हणाले, "आणि भिंतीत दगड अजून आरपार न्हाई."

आज उंब्रजमध्ये दगडमातीचं घर कुणी बांधत नाही. विटा, सिमेंट आणि वर स्लॅब. पण गवंड्यानं "कशाला खर्च" म्हटलं की दारं-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारी सलग काँक्रीटची पट्टी गाळायला मालक तयार होतो. आण्णांच्या भाषेत सांगायचं तर ताग गाळतो. माझं वाचकांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात भूकंप पाहिलेलं माणूस अजून असेल, तर त्याच्याकडं जाऊन बसा. धक्का किती वाजता बसला हे विचारू नका, ते पुस्तकात आहे. कुठली भिंत पडली, कुठल्या अंगाला पडली आणि कुठली उभी राहिली, ते विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी घराला हात घालाल तेव्हा त्या पट्टीचे पैसे वाचवू नका.